बीच कॉटेज बुक करण्याआधी: फोटोत न दिसणारं सगळं



थंडी ओसरायच्या आतच उन्हाळ्यातली समुद्रावरची घरं बुक व्हायला लागतात. यंदा भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील तर तुमच्याही घरी हा विषय निघालाच असेल. हॉटेलात सगळे वेगवेगळ्या खोल्यांत पांगतात, बाबांना सकाळी सहाला चहा लागतो, आईला दोन दिवसांच्या वर बाहेरचं खाणं झेपत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा आठवडाभर बीचवर एक घरच घेऊ या ना!" आणि रात्री मुलं झोपली की फोटो बघणं सुरू होतं.

मी पुण्यात सीए झाले, इथे येऊन सीपीए केलं, आणि दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हाच माझा रोजचा उद्योग आहे. आम्ही व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे आमचा समुद्र म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचा आउटर बँक्स. गाडीने साधारण पाच तास. कधी आम्ही चौघंच जातो, कधी तीन कुटुंबं मिळून, आणि दोनदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो. तिथलंच उदाहरण घेऊन लिहिते. तुम्ही न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जात असाल किंवा इंग्लंडात कॉर्नवॉलला, तर कायदे बदलतील, पण विचारायचे प्रश्न बरेचसे हेच राहतील.

आर्टिकलशिपला असताना आमचे सर म्हणायचे, "सगळी व्हाउचर्स बघत बसलीस तर तुझी तीन वर्षं संपतील, ऑडिट संपणार नाही. कुठे घोळ झाला तर कंपनी बुडेल, ते आधी शोध. तिथून सुरुवात कर." घर बघताना आपण नेमकं उलटं करतो. भाड्यातले पन्नास डॉलर वाचवायला तीन रात्री घालवतो आणि पूलला कुंपण आहे का हे बघायला तीन मिनिटं देत नाही. म्हणून माझ्या यादीचा क्रम असा: जे बिघडलं तर कधीच भरून येणार नाही ते आधी, जे पैशाने भरून येतं ते नंतर, आणि सोय-गैरसोय सगळ्यात शेवटी.

१. जिने आणि लिफ्ट

आउटर बँक्सवर "कॉटेज" या शब्दाने फसू नका. सात-आठ बेडरूमच्या तीन मजली घरालाही तिथे कॉटेजच म्हणतात. घरं खांबांवर उभी असतात आणि खाली गाड्या लावतात. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर आणि हॉल सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो, कारण समुद्र तिथून छान दिसतो. झोपायच्या खोल्या खाली. फोटो बघून हे लक्षात येत नाही, पण आजीच्या गुडघ्यांना पहिल्याच संध्याकाळी कळतं. चहाला वर, औषधाला खाली, जेवायला पुन्हा वर.

माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "चढेन गं मी हळूहळू, माझ्यासाठी कशाला महागाचं घर घेतेस?" आपल्या सगळ्यांच्या आया असंच म्हणतात. यावर विश्वास ठेवायचा नाही.

मग आपण लिफ्ट असलेलं घर शोधतो, आणि खरा पेच इथे आहे. आजीला हवी असलेली तीच लिफ्ट नातवाच्या जिवावर बेतू शकते. घरगुती लिफ्टला बहुधा दोन दारं असतात. बाहेरचं खोलीच्या दारासारखं, आतलं घडीचं. दोन्ही दारांच्या मध्ये जागा जास्त असेल तर लहान मूल त्या फटीत उभं राहू शकतं. बाहेरचं दार लागतं, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबतं आणि लिफ्ट हलते. जुलै २०२१ मध्ये याच किनाऱ्यावर, भाड्याच्या घरातल्या लिफ्टमध्ये सात वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. सुट्टीसाठी आलेलं कुटुंब होतं, आपल्यासारखंच. त्यानंतर २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कायदा केला की भाड्याने दिल्या जाणाऱ्या अशा घरांतल्या लिफ्टच्या दोन दारांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. सगळ्या राज्यांत असा कायदा असेल असं धरून चालू नका.

मी काय करते ते सांगते. फ्लोअर प्लॅन मागवते आणि स्वयंपाकघराच्याच मजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम असलेलं घर शोधते. अशी घरं मिळतात. ती खोली आजी-आजोबांची. मग लिफ्ट लागते ती फक्त समुद्रावर जाताना आणि परत येताना. एजंटला ईमेलवर विचारते: दोन दारांमधली फट किती? लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली? लिफ्ट कुलूपबंद ठेवता येते का? पोचल्यावर टेपने फट स्वतः मोजते. किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. मुलांना सांगून ठेवायचं की लिफ्ट आजी-आजोबांची आहे, तुमच्यासाठी जिना. लिफ्ट नसलेलं चांगलं घर आणि असलेलं घर यांतून निवडायचं असेल आणि बरोबर लहान मुलं असतील, तर वरच्या मजल्यावर खोली असलेलं बिनलिफ्टचं घर मी आधी बघते. दिवसातून दोनदा जिना चढणं आजीला बसत-उठत जमेल का, हे तिला सरळ विचारा, आणि "जमेल" म्हणाली तर मुंबई-पुण्याच्या घरी ती किती पायऱ्या चढते ते भावाला विचारा!

२. पूल

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण बुडणं हे आहे. ऐकायला नको वाटतं, पण हे वाक्य वाचूनच पूल असलेलं घर घ्या. कुंपण चारही बाजूंनी हवं, म्हणजे घर आणि पूल यांच्या मधेसुद्धा. बऱ्याच घरांत तळमजल्यावरच्या खेळाच्या खोलीचं दार थेट पूलकडे उघडतं, आणि तीन बाजूंच्या कुंपणाला "फेन्स्ड पूल" म्हणून मिरवतात. विचारा: घराकडून पूलकडे जाणारं दार कुठलं? त्याला अलार्म आहे का? फाटक आपोआप बंद होऊन अडकतं का?

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे पोचल्यापोचल्याची. चेक-इन दुपारी चारच्या आसपास असतं. मोठी माणसं कुकर, तांदळाची पिशवी आणि बॅगा वर नेत असतात, मुलं पाच तास गाडीत कोंडलेली असतात आणि खाली निळं पाणी असतं. "सगळे होते ना तिथे" असं नंतर म्हणायची वेळ येते ती यामुळेच. आमच्याकडे नियम आहे: सामान उतरवताना एक मोठं माणूस फक्त मुलांजवळ, हातात ना बॅग ना फोन.

३. समुद्र आणि डेक

माझे सासरे रत्नागिरीचे. "समुद्र काय आम्हाला नवीन आहे?" हे त्यांचं वाक्य. पण प्रत्येक किनाऱ्याचं पाणी वेगळं असतं. आउटर बँक्सवर उघडा अटलांटिक आहे आणि माणसाला आत ओढून नेणारे रिप करंट तिथे नेहमीचेच. लाइफगार्ड सगळीकडे नसतात, ठरावीक ठिकाणी आणि उन्हाळ्यात ठरावीक तासांपुरते असतात. म्हणून घर शोधतानाच विचारा की सगळ्यात जवळचा लाइफगार्ड असलेला किनारा कुठला. लाल झेंडे लागले असतील तर पाण्यात उतरायचं नाही. ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं, नाहीतर तरंगत राहून हात हलवायचा. मुलांना हे घरूनच शिकवून न्या.

आता डेक. नॉर्थ कॅरोलायनातच एमराल्ड आयल नावाच्या गावी ४ जुलै २०१५ ला एक मोठं कुटुंब फोटो काढायला डेकवर उभं राहिलं आणि डेक कोसळलं. वीसहून जास्त माणसं जखमी झाली. खाऱ्या हवेने खिळे आणि बोल्ट आतून गंजतात, वरून फळी ठणठणीत दिसते. पोचल्यावर एकदा डेकच्या खाली जाऊन बघा, गंजाचे ओघळ आहेत का, कठडा हलतो का. आणि सगळ्या गोतावळ्याचा ग्रुप फोटो वाळूत उभं राहून काढा. उजेडही चांगला मिळतो.

४. घर नेमकं कुठे आहे

जाहिरातीतली भाषा नीट वाचायला शिका. "ओशनफ्रंट" म्हणजे मधे दुसरं घर नाही. "सेमी-ओशनफ्रंट" म्हणजे पुढे एक घर आहे. "बिट्वीन द हायवेज" म्हणजे मुलांना आणि आजोबांना घेऊन रोज बीच रोड ओलांडायचा आहे. "साउंडसाइड" म्हणजे तुमच्यासमोर महासागर नसून पलीकडची शांत, उथळ खाडी आहे. सूर्यास्त तिकडे फार सुंदर दिसतो, पण लाटा हव्या असतील तर गाडी काढावी लागते.

उत्तरेला कोरोलाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो. त्यापुढच्या घरांपर्यंत वाळूतून, थेट किनाऱ्यावरून गाडी चालवत जावं लागतं आणि त्याला फोर-व्हील-ड्राइव्हच लागते. जाहिरातीत पत्ता "कोरोला" असाच लिहिलेला असू शकतो. आपली मिनीव्हॅन घेऊन तिथे पोचलात तर आठवड्याची सुरुवात वाळूत रुतून होईल. शिवाय मध्यरात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं तर रुग्णवाहिकेलाही त्याच वाळूतून यायचंय. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तिकडचं घर घेत नाही.

दक्षिणेला हॅटरस बेटावर वेगळाच प्रश्न आहे. समुद्र किनारा खातोय. रोडान्थे गावात २०२० पासून अनेक घरं समुद्रात कोसळली आहेत, १० मे २०२२ ला तर एकाच दिवसात दोन. २०२५ मध्ये बक्सटनची पाळी आली. ती घरं रिकामी होती, पण त्यांच्या आजूबाजूचा किनारा लाकडं, खिळे आणि सेप्टिक टाक्यांच्या अवशेषांनी भरला. जुन्या फोटोत घरासमोर ऐसपैस वाळू दिसते, म्हणून विचारा: हा फोटो कुठल्या वर्षीचा? भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत येतं?

एका एजंटने मला सांगितलं होतं, "समुद्र तीन मिनिटांवर!" मी विचारलं, मधे पायऱ्या किती? दोन दिवसांनी उत्तर आलं: वाळूच्या टेकडीवरून जाणारा लाकडी पूल, चढायला आणि उतरायला मिळून बावन्न पायऱ्या. तीन मिनिटं माझ्या मुलाची होती, सासूबाईंची नव्हती. आम्ही दुसरं घर घेतलं. तेव्हापासून मी मिनिटं विचारतच नाही, पायऱ्या विचारते.

५. घर आहे का, आणि कुणाचं आहे?

गावाकडे जमीन घेताना आधी सातबारा बघतो ना? इथेही तेच करा. काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. दुसऱ्याच्या घराचे फोटो चोरून टाकलेल्या खोट्या जाहिराती असतात. फोटो इंटरनेटवर उलटा शोधून बघा, तोच हॉल दुसऱ्या गावातल्या घरात दिसला तर सोडून द्या. नॉर्थ कॅरोलायनात दुसऱ्याचं घर भाड्याने देणाऱ्या एजंटला राज्याचं रिअल इस्टेट लायसन्स लागतं आणि ते राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर तपासता येतं. कुणी गिफ्ट कार्डने किंवा थेट खात्यातून खात्यात पैसे पाठवायला सांगत असेल, त्यातही "आजच पाठवा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या. क्रेडिट कार्डाचा वरचा आकार द्यावा लागला तरी पहिला हप्ता मी कार्डानेच भरते. वाद झाला तर मागे बँक उभी राहते.

६. करार आणि वादळ

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम. ऑगस्टच्या उत्तरार्धात भाडी उतरतात. शाळा सुरू होतात हे एक कारण, आणि वादळांचा जोर त्याच सुमारास वाढतो हे दुसरं. स्वस्त मिळालं म्हणून आनंद होण्याआधी करारातलं सक्तीच्या स्थलांतराचं कलम वाचा.

नॉर्थ कॅरोलायनात यासाठी व्हेकेशन रेंटल ॲक्ट आहे. करार लेखी हवा. आगाऊ घेतलेले पैसे ट्रस्ट खात्यात ठेवावे लागतात आणि राहायला जाण्याआधी भाड्याचा जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाला देता येतो. सरकारने घर सोडायचा हुकूम काढला तर जितक्या रात्री राहता आलं नाही तितक्यांचे पैसे परत मिळायला हवेत. पण इथे एक मेख आहे. अशा नुकसानीचा विमा तुम्हाला आधी देऊ केला होता आणि तुम्ही नको म्हणालात, तर हा परताव्याचा हक्क जातो. या विम्याची किंमत अनामत सोडून एकूण रकमेच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाही. बुकिंग करताना "विमा नको" या चौकोनात टिचकी मारणं म्हणजे काय, हे आता लक्षात आलं असेल.

वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही, म्हणून बुकिंगच्या वेळीच ठरवा. आणि विमा सक्तीच्या स्थलांतरापुरताच आहे की आजारपणालाही लागू आहे ते वाचा. बाबांचा व्हिसाच आला नाही किंवा ऐन वेळी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं तर काय, हा आपला प्रश्न आहे. तो सर्वसाधारण ब्रोशरमध्ये नसतो. आधीपासून असलेला मधुमेह किंवा रक्तदाब विम्यात धरलाय का, हे लेखी विचारा.

७. खरा आकडा

आता माझा आवडता भाग! उदाहरण म्हणून धरा, भाडं ४,००० डॉलर. सफाई ३००, प्रोसेसिंग फी १५०. झाले ४,४५०. डेअर काउंटीत विक्रीकर ६.७५ टक्के आणि ऑक्युपन्सी टॅक्स ६ टक्के, मिळून १२.७५ टक्के, म्हणजे ५६७. विमा ३५०. चादरी-टॉवेल १८०, कारण तिथल्या अनेक घरांत ते आपले आपण न्यायचे किंवा भाड्याने घ्यायचे असतात. एकूण ५,५४७. म्हणजे भाड्याच्या वर जवळपास ३९ टक्के. पूल गरम करायचा असेल तर त्याचे वेगळे.

१२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आहे की अशा घरांची किंमत दाखवताना सगळ्या सक्तीच्या फी धरूनच आकडा दाखवायचा. पण कर आणि ऐच्छिक गोष्टी अजूनही नंतरच येतात. म्हणून दोन घरांची तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडा घ्या, पहिल्या पानावरचा नको.

८. माणसं किती, सही कुणाची?

घरात किती माणसं राहू शकतात हे पलंगांवर ठरत नाही. तिथे सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जातं आणि माणसांची मर्यादा त्या टाकीशी बांधलेली असते. "मुलं खाली गादी टाकून झोपतील" हे आपलं नेहमीचं गणित करारात बसत नाही. मर्यादा ओलांडली तर पैसे परत न देता बाहेर काढण्याचं कलम असतं. तान्हं बाळ धरतात की नाही तेही विचारा.

तीन कुटुंबं मिळून घेणार असाल तर सही करणाऱ्याच्या गळ्यात सगळी जबाबदारी पडते. मोडतोड, दंड, ऐन वेळी एकाचं रद्द होणं, सगळं. म्हणून पैसे भरण्याआधी तिघांनी मिळून एक साधा मेसेज लिहून ठेवा: कोण किती देणार, कोण गळालं तर त्याच्या वाट्याचं काय, कुठली खोली कुणाला. मैत्रीत हिशेब कशाला, असं म्हणणाऱ्यांचीच मैत्री हिशेबावरून तुटलेली मी पाहिली आहे.

९. स्वयंपाकघर

हे शेवटी, पण विसरू नका. चुलीवरच्या पंख्याची हवा बाहेर जाते की तिथेच फिरते? फिरत असेल तर पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म वाजणार आणि बाबा स्टुलावर चढणार. बॅटरी काढू नका, खिडकी उघडा. गॅस किंवा शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. तो आहे का ते पोचल्यावर बघा. वासासाठी जादा सफाईचे पैसे लावायचं कलम आहे का तेही वाचा. बांगडा तळायचाच असेल तर तो बाहेरच्या ग्रिलवर.

एवढं सगळं विचारलं तर एजंट कंटाळणार नाही का? माझा अनुभव असा की चांगला एजंट उत्तरं देतो आणि वाईट एजंट "काळजी करू नका" म्हणतो. हा फरकच पुरेसा आहे. सगळे प्रश्न फोनवर न विचारता एकाच ईमेलमध्ये पाठवा, म्हणजे उत्तरं लेखी राहतात.

या यादीतले पैशाचे मुद्दे चुकले तर एखादा हजार डॉलरचा फटका बसेल. वाईट वाटेल, पुढच्या वर्षी भरून निघेल. सासरे आता एकोणऐंशीचे आहेत. व्हिसा, सतरा-अठरा तासांचा प्रवास, गुडघे, हे सगळं जुळून येऊन आजी-आजोबा आणि नातवंडं एका छपराखाली, एका समुद्रासमोर असा आठवडा आपल्या वाट्याला किती वेळा येणार? मोजून तीन-चार. मग त्या आठवड्याचं ऑडिट आधीच करून घेतलेलं बरं.

तुम्ही कुठल्या किनाऱ्यावर जाता आणि तिथे काय विचारावं लागतं ते खाली लिहा. गल्फमधल्या आणि इंग्लंडमधल्या मंडळींनी तर नक्की लिहा, तिकडचे नियम वेगळे असतील. आणि यंदा बुकिंग करणार असाल तर आज रात्री फोटो बघण्याआधी फ्लोअर प्लॅन मागवा.